चेन आतून झिजते: किट घेताना काय बघायचं

(नागपुरात हिंगणा रोडवर दुचाकीस्वार आणि गॅरेजमध्ये काम शिकणारी मुलं यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, टेबलावर दोन जुन्या चेन ठेवल्या आहेत. दोन्ही 428 मापाच्या, दोन्ही बुटीबोरीला ड्युटीवर जाणाऱ्या गाड्यांच्या. एक चकचकीत, दुसरी काळीकुट्ट. यातली चकचकीत चेन हातात घ्या, आडवी धरा आणि बाजूला झुकू द्या. बघा, ती किती खाली लोंबते. आता काळी चेन तशीच धरा. ती ताठ राहते. चकचकीत चेन बाद आहे आणि काळी अजून चालेल. पहिलीचा मालक ती दर आठवड्याला धुऊन पुसत होता, पण तेल कड्यांच्या आत पोचत नव्हतं. चेनचं आयुष्य आत ठरतं, म्हणून निवड करतानाही आतलंच बघायचं, हे मला आज सांगायचं आहे.

एक कडी उघडून बघू. बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी पिन, पिनवर बसलेला बुश म्हणजे छोटी नळी, बुशवर फिरणारा रोलर. चेन ज्या दातेरी चाकांवर फिरते ती स्प्रॉकेट, रोलर त्यांच्या दातांवर बसतो. पिन मात्र बुशमध्ये घासत असते, चेन स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना दर वेळी. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली मँचेस्टरला बुश-रोलर चेन बनवली, तिचं मोठेपण या बुशमध्येच आहे. त्याआधी सगळा भार पट्टीच्या पातळ कडेवर यायचा. बुशमुळे तो पिनच्या लांबीवर पसरला.

आता हिशेब करा. 428 चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंत 12.7 मिलिमीटर अंतर असतं. प्रत्येक जोड पाव मिलिमीटर झिजला, तर 120 कड्यांची चेन 30 मिलिमीटर लांब होते. लोक म्हणतात, "भाऊ, चेन ढिली होऊन राहिली, जरा टाईट करून द्या." मागचं चाक सरकवलं की ढील जाते, झीज जात नाही. लांबलेल्या चेनचे रोलर दातांच्या खोबणीत नीट बसत नाहीत. ते दातांच्या टोकाकडे चढतात आणि दात आकड्यासारखे वाकडे होतात.

आणि आपलं गाव चेनवर मेहरबान नाही. कोराडी-खापरखेड्याकडे गाडी चालवणाऱ्यांना तिथल्या वीज केंद्रांची राख माहीत आहे. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं, दोन्ही कठीण. उमरेडकडे कोळशाची भुकटी, शहरात बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ. त्यावर कोणी चेनला घट्ट ग्रीस फासलं, की ग्रीस आणि राख मिळून व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतात. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल लावणारेही खूप आहेत. त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण असतात. फुकट मिळतं म्हणून ते चेनवर ओतू नका, एवढी माझी विनंती आहे.

मग घ्यायची कुठली? आधी माप. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428, मोठ्यांना 520 किंवा 525. पहिला आकडा पिनांमधलं अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. 4 म्हणजे अर्धा इंच, 5 म्हणजे पाच अष्टमांश. मागचे दोन आकडे रुंदीचे. 428 नंतर एच असेल तर पट्ट्या जाड आहेत. दुकानदार डब्यावरची ताकद दाखवेल, इतके टन ओढ सहन करते म्हणून. ठीक आहे, पण 428 चेन सहसा दीड टनाच्या वरची ओढ सोसते आणि आपल्या गाड्यांची चेन ओढीनं क्वचितच तुटते. ती झिजून बाद होते. त्यामुळे टनांचा आकडा टिकाऊपणाचा पुरावा मानू नका.

टिकाऊपणा बघायचा तर रोलर आणि बुश बघा. रोलरवर उभी फट किंवा सांधा दिसला, तर तो पत्रा गुंडाळून केलेला आहे. अखंड रोलर आणि अखंड बुश जास्त काळ गोल राहतात. पिनांची टोकं सगळीकडे सारखी ठोकलेली हवीत. प्रत्येक बाहेरच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि माप स्वच्छ उमटलेलं हवं. रोलॉन असो, डायमंड असो, चांगल्या नावाची नक्कल बाजारात येते. डबा हुबेहूब असतो, पट्टीवरचा ठसा मात्र पुसट असतो. बिल मागा. बिल द्यायला कुरकुर झाली तर तो माल तिथेच ठेवा.

ओ-रिंग किंवा एक्स-रिंगच्या चेनमध्ये बाहेरच्या आणि आतल्या पट्टीमध्ये रबराची सील असते. कारखान्यात पिन आणि बुशमध्ये भरलेलं ग्रीस ती आत धरून ठेवते आणि राख-पाणी बाहेर ठेवते. 23 सप्टेंबर 2023 ला नाग नदीचं आणि अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, गाड्या बुडाल्या. अशा पाण्यात साध्या चेनच्या जोडांत गाळ जातो आणि चार दिवसांत लाल गंज दिसू लागतो. सील शाबूत असेल तर आतल्या ग्रीसला धक्का लागत नाही. ज्यांची चेन उघडी आहे आणि रोज हायवे किंवा राखेचा रस्ता आहे, त्यांनी सीलचीच चेन घ्यावी, महाग पडली तरी. पूर्ण बंद चेन कव्हरच्या गाडीला चांगली साधी चेन पुरते. ते कव्हर दिसायला जुनाट वाटतं म्हणून काढून टाकणाऱ्या मुलांना मी कळकळीनं सांगतो, ते परत बसवा. सीलची चेन थोडी रुंद असते, ती इंजिन केसला किंवा कव्हरला घासत नाही ना, हे आधी बघा.

स्प्रॉकेटकडे लोक बघतच नाहीत. मागचा स्टीलचाच घ्या. रेसिंगचा ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण लवकर झिजतो. स्टीलमध्येही दातांना हार्डनिंग झालेलं, म्हणजे ते कडक केलेले हवेत. पिकअपसाठी पुढची गरारी, म्हणजे पुढचा स्प्रॉकेट, 15 ऐवजी 14 दातांची टाकणारे पुष्कळ भेटतात. तेवढ्यानं चेनवरची ओढ सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. 15 दातांवर प्रत्येक जोड 24 अंशांत वळतो, 14 वर जवळजवळ 26. म्हणजे जास्त ओढीखाली जास्त वळण आणि जास्त झीज. दुसरी गोष्ट, चेनच्या कड्या सहसा सम संख्येत असतात. दात विषम असले, तर एकच दात पुन्हा पुन्हा त्याच कड्यांना भेटत नाही आणि झीज सगळीकडे वाटली जाते. पण कंपनीनं ठरवलेले दात बदलण्याआधी दहादा विचार करा.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे पूर्ण किट, एकत्रच बदला. डिलिव्हरी करणारी मुलं पैसे वाचवायला नुसती चेन टाकतात. वाकड्या दातांवर नवी चेन फार लवकर खराब होते आणि महिन्याची बचत त्यातच जाते. किट बसवतानाच मागच्या चाकातले ड्रम रबर बघा. ते दबले असतील तर प्रत्येक गिअरचा झटका थेट चेनवर येतो.

बाद कधी समजायची? चेन ताणून धरा आणि 21 पिना मोजा, म्हणजे 20 कड्या. नव्या 428 चेनमध्ये हे अंतर 254 मिलिमीटर असतं. 259 च्या आसपास गेलं की किट बदला. सीलच्या चेनला कंपन्या याहून कमी झीज चालवून घेतात, म्हणून गाडीचं पुस्तक बघा. मोजमाप दोन-तीन ठिकाणी घ्या, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

तेल लावायचं ते गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना. मेन स्टँडवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हातानं फिरवा. इंजिन चालू ठेवून कधीही नाही, त्यात बोटं जातात. खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंच्या आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांमधल्या फटीत आणि रोलरच्या कडांवर गिअर ऑइलचे थेंब सोडा, जास्तीचं फडक्यानं पुसा. धुवायला रॉकेल चालेल. सीलवर पेट्रोल, तारेचा ब्रश आणि वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको.

शेवटी बसवण्याबद्दल. चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप असेल, तर तिचा बंद भाग चेन धावते त्या दिशेला आणि उघडा भाग मागे. ढील पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवा, सहसा ती 20 ते 30 मिलिमीटर असते, आणि जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथे मोजा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून ॲक्सलचा नट आवळा. पहिले 500 किलोमीटर झाले की गाडी परत आणा. नवी चेन तेवढ्यात थोडी बसते, ढील पुन्हा तपासावी लागते. ज्याच्याकडून किट घेतलं, त्यानं हे काम पैसे न घेता करून द्यायला हवं, असं मी इथल्या शिकणाऱ्या मुलांना आत्ताच सांगून ठेवतो.