हात लावू देणारा कुत्रा

(दृश्य : रावेर-सावदा रस्त्यालगतची केळीची बाग, मे महिन्यातील दुपार. पुढे गावातील एक बंद घर आणि ओट्याला बांधलेला कुत्रा.)

जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. खान्देशातील माणसांनी या उन्हाशी जुळवून घेतले आहे. ती शेतीची कामे पहाटेच उरकतात, डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडत नाहीत आणि दुपारी दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसतात. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मात्र आपली जागा निवडता येत नाही. सकाळी त्याला बांधले तेव्हा तिथे सावली होती. दुपारी त्याच जागी ऊन येते, पाण्याचे भांडे तापते आणि घरातील सगळे झोपलेले असतात. त्यामुळे कुत्रा बांधण्यापूर्वी त्या जागेवर दुपारी दोन वाजता ऊन असते की सावली, हे एकदा स्वतः उभे राहून पाहावे.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिकच. घाम गाळून अंग थंड करण्याची सोय त्याला जवळजवळ नाही, कारण घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांना. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातील आणि श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन उडतो आणि त्याबरोबर उष्णता बाहेर पडते. कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, जसा आपला कूलर मे महिन्यात चांगला चालतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ढग दाटतात, हवा दमट होते, पारा काही अंशांनी उतरतो आणि मालकाला वाटते की धोका टळला. प्रत्यक्षात त्या दमट हवेत धापांतून उष्णता नीट बाहेर पडत नाही. म्हणून पहिला पाऊस होऊन हवा खरोखर गार होईपर्यंत काळजी सैल करू नये. पगसारख्या चपट्या नाकाच्या, अंगाने सुटलेल्या आणि वय झालेल्या कुत्र्यांना हा काळ सर्वांत जड जातो.

फिरायला नेण्याची वेळ उजाडताना किंवा रात्री उशिराची असावी. सूर्य मावळला तरी डांबर तासन्‌तास तापलेले राहते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजेही भाजतील.

(दृश्य : अंगणात दोन महिन्यांचे पिल्लू. मालकीण त्याचा पुढचा पंजा हातात धरते, सोडते आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा देते.)

शिकवणी म्हटली की आपल्याकडे ‘बस’, ‘उठ’ आणि पाहुण्यांसमोर पंजा देणे एवढेच डोळ्यांपुढे येते. आमच्या मते पहिला धडा वेगळा हवा : कुत्र्याने अंगाला हात लावू दिला पाहिजे. कान उलटून पाहणे, पंजाच्या बोटांमध्ये बोट फिरवणे, ओठ उचलून हिरड्या पाहणे आणि शेपटीखाली तपासणे या गोष्टी त्याने शांतपणे करू दिल्या, तर आजार पहिल्या दिवशीच हाताला लागतो. नाही तर तो खाणे सोडेपर्यंत कळत नाही.

पद्धत सोपी आहे, परंतु तिला धीर लागतो. पंजा क्षणभर धरावा, सोडावा आणि लगेच खाऊ द्यावा. खाऊ उशिरा मिळाला, तर तो कशाबद्दल मिळाला हे कुत्र्याला उमगत नाही. पुढच्या दिवशी पंजा थोडा अधिक वेळ धरावा, मग कान, मग ओठ. पाच-दहा मिनिटांपेक्षा धडा लांबवू नये, आणि उन्हाळ्यात तो सकाळीच घ्यावा. मोठा कुत्राही हे शिकतो, फक्त त्याला अधिक दिवस लागतात. मध्येच तो गुरगुरला, तर त्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते, आणि मार खाऊन ती सूचना देणे त्याने सोडले, तर तो थेट चावतो.

असा कुत्रा हाताशी असला की तपासणीला दोन-तीन मिनिटे पुरतात. हिरडी बोटाने दाबून सोडावी. पांढरी पडलेली जागा साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरडी कोरडी आणि चिकट लागली, तर अंगात पाणी कमी आहे. ती फिकट दिसली, तर रक्त कमी होत आहे, आणि खान्देशात त्याचे एक नेहमीचे कारण गोचीड हे असते.

गोचीड कानाच्या आत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत बसते. चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ ओढावे. रॉकेल लावू नये, चटका देऊ नये आणि बोटांनी चिरडू नये. मात्र अंगावर दिसतात तेवढ्याच गोचिड्या घरात आहेत असे समजू नये. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, धाब्याच्या घराच्या मातीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्यावर औषध लावून त्याची बसण्याची जागा तशीच ठेवली, तर काही आठवड्यांत सगळे पहिल्यासारखे होते. गुरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतण्याची पद्धत अनेक गोठ्यांत आहे. ती थांबली पाहिजे, कारण प्रमाण चुकले तर कुत्र्याला विषबाधा होते आणि ओले अंग चाटल्याने ते विष पोटातही जाते. ताप, सुस्ती, नाकातून रक्त किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसले, तर तो गोचीड ताप असू शकतो, आणि रक्त तपासून वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक कुत्री बरी होतात. घरातील तापाची गोळी मात्र देऊ नये. माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडांना आणि जठराला इजा करतात.

(दृश्य : आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, पंगत. खापरावरची पुरणपोळी, आमरसाचे पातेले, परातीत कोया.)

आखाजी ऐन उन्हात येते आणि घरोघरी आमरस होतो. आमरस कुत्र्याने थोडा चाटला तर बिघडत नाही, पण कोय त्याच्या तोंडी लागू देऊ नये. ती गिळली गेली की आतड्यात अडकते, उलट्या सुरू होतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय सुटका होत नाही. परातीतील कोया उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या रंगतात तेव्हा धोका कांद्याची पात आणि लसूण यांचा असतो. कांदा कच्चा असो वा शिजलेला, तो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदाही अपाय करू शकतो, आणि परिणाम दिसायला काही दिवस लागत असल्याने लघवी गडद झाली तरी भरीत कोणाच्या ध्यानात राहत नाही. भाकरी आणि दूध यांवरच कुत्रा वाढवणाऱ्यांनी त्यात अंडे, मांस किंवा शिजवलेली डाळ घालावी. मीठ-मिरचीचा रस्सा घालू नये.

उष्माघाताची चिन्हे ओळखून ठेवावीत. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट होते, हिरड्या गडद लाल होतात, कुत्रा अडखळतो, उलटी करतो आणि मग कोसळतो. शरीराचे तापमान ४१ अंशांवर गेले की आतील अवयव बिघडू लागतात, म्हणून आधी त्याला थंड करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. सावलीत आणून पोट, जांघा आणि मान यांवर पाणी ओतत राहावे आणि पंखा लावावा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतील नळाचे पाणी कढत आलेले असते, त्यामुळे रांजणातील किंवा विहिरीचे पाणी घ्यावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. तो सावरल्यासारखा वाटला तरी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला दाखवावेच, कारण मूत्रपिंडांची इजा नंतर उघड होते.

हात लावण्याच्या या सगळ्या शिकवणीला एक अपवाद आहे. कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल आणि त्याला पाणी गिळता येत नसेल, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नये, कारण रेबीजच्या एका प्रकारात कुत्रा चवताळत नाही, तर असाच शांत आणि लुळा पडतो. त्याला वेगळे कोंडून पशुवैद्यकाला कळवावे. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढील मात्रा डॉक्टर सांगतील त्या वेळी न चुकता द्याव्यात. आपल्याच घरच्या कुत्र्याचा दात लागला किंवा जखमेवर त्याची लाळ पडली, तरी ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तिच्यात हळद, चुना किंवा मिरची भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लसीचा पहिला डोस घ्यावा.