आधी फ्लॉपी, मग मशीन

मंडळी, कॉलेजच्या किंवा कारखान्याच्या लॅबमधलं मोठं उपकरण डेड स्टॉक रजिस्टरला चढलेलं असतं. त्याला नंबर असतो, दरवर्षी पडताळणी होते. ते ज्या प्रोग्रॅमवर चालतं त्याची फ्लॉपी मात्र कंझ्युमेबलमध्ये गेलेली असते. सोल्डर, कागद, प्रिंटरची रिबन यांच्याच यादीत. मग उपकरण निर्लेखित होतं, भंगारात निघतं, आपल्या जुन्या बाजारात येतं आणि तुमच्यामाझ्यासारखा कुणीतरी ते रिक्षात घालून घरी आणतो. फ्लॉपी सोबत आलीच, तर ते नशीब.

आता एचपीचा ४१४५ घ्या. ट्रान्झिस्टर-डायोडचे करंट-व्होल्टेजचे आलेख काढणारा अ‍ॅनलायझर. चालू केला की तो आपला प्रोग्रॅम फ्लॉपीवरून उचलतो. ४१४५ए ला सव्वापाच इंची लागते, ४१४५बी ला साडेतीन इंची. एचपीचा १६५००ए हा लॉजिक अ‍ॅनलायझर, म्हणजे डिजिटल सिग्नल तपासणारं उपकरण, तोसुद्धा फ्लॉपीवरूनच उठतो. आतला एकूणएक आयसी धडधाकट असला तरी फ्लॉपी वाचता आली नाही तर टेबलावर नुसतं वजन. आणि आपण काय करतो? उत्साहाच्या भरात तीच एकुलती एक डिस्क, तीस-चाळीस वर्षं न साफ केलेल्या ड्राइव्हमध्ये सारतो. माझं आजचं सगळं सांगणं याच क्षणाबद्दल आहे. उपकरण चालू करायचं बटण दाबू नका. आधी प्रत काढा.

प्रत काढण्याआधी डिस्क बघा. साडेतीन इंचीची पत्र्याची झडप बाजूला सारायची, मागची चकती बोटाने हळूहळू फिरवायची आणि उजेड तिरपा पाडायचा. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या डिस्कवर पांढुरके ठिपके दिसतात. ती बुरशी. तशीच आत घातली तर ती हेडला, म्हणजे ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाला, चिकटते, डिस्कवरचा चुंबकीय थर खरवडते आणि पुढच्या डिस्कचंही वाटोळं करते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, न झडणारा मऊ बोळा, हलका हात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही. गोल चकचकीत रेघ दिसली तर तिथला थर गेलेला आहे. तो पुसून परत येत नाही.

मग राइट-प्रोटेक्ट, म्हणजे डिस्कवर चुकून काही लिहिलं जाऊ नये याची सोय. साडेतीन इंचीत खिडकी उघडी म्हणजे सुरक्षित. सव्वापाचमध्ये उलट, खाच चिकटपट्टीने झाकली म्हणजे सुरक्षित. हे सोडू नका. विंडोज ९५ आणि ९८ तर डॉसची फ्लॉपी नुसती उघडली तरी बूट सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या पहिल्याच कप्प्यात, आपली खूण लिहून ठेवायचे.

आता मुख्य अडचण. बाजारातला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त पीसीचे ठरलेले फॉरमॅट वाचतो. पीसीच्या ७२० केबी डिस्कवर दर बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे गोल वाटा, आणि दर ट्रॅकला ५१२ बाइटचे ९ सेक्टर, म्हणजे तुकडे. एचपीच्या स्वतःच्या एलआयएफ या फॉरमॅटमध्ये साधारणपणे ७७ ट्रॅक, दोन बाजू, २५६ बाइटचे १६ सेक्टर, म्हणजे ६,३०,७८४ बाइट. अशी डिस्क घातली की विंडोज विचारतो, फॉरमॅट करू का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणून किती उपकरणं मेली असतील देव जाणे.

आपल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद आहेत. मोडी येत नसली तरी कागदाचा स्वच्छ फोटो काढता येतो. वाचणारा नंतर भेटेल. डिस्कवरच्या चुंबकीय खुणांची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे फ्लक्स प्रत, ती तेच करते. ग्रीसवीझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो. एका बाजूला पीसीचा जुना ड्राइव्ह ३४ पिनांच्या पट्टीने जोडायचा, दुसऱ्या बाजूला यूएसबी. तो सेक्टरबिक्टर बघत बसत नाही. हेडखालून जाताना चुंबकाची दिशा नेमकी कोणकोणत्या क्षणी बदलली, ते क्षण टिपतो. साध्या डबल डेन्सिटीच्या, म्हणजे ७२० केबीच्या जातीच्या, डिस्कवर दोन बदलांमधलं अंतर ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद. आलेख काढला तर तीन सुटे डोंगर दिसतात. डिस्क थकलेली असेल तर डोंगर पसरतात, पायथे एकमेकांत मिसळतात. तेव्हा हेड पुसून, जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर, पुन्हा वाचायचं आणि जास्त फेरे टिपायचे. एका फेरीत हुकलेला सेक्टर दुसरीत सापडतो. डीकोड करायचं काम मागाहून, निवांत.

प्रत झाली म्हणजे काम झालं, असं नाही. ती त्याच उपकरणात बूट होते का, हे बघितल्याशिवाय मी तिला प्रत म्हणत नाही. मूळ डिस्क बाजूला ठेवून नव्या डिस्कवर लिहा, किंवा ड्राइव्हच्या जागी गोटेक, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारा डबा, बसवा, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर घाला आणि प्रत पेनड्राइव्हवरून चालवा. दोन ठिकाणी हमखास अडतं. पिन ३४ वर पीसीला ‘डिस्क बदलली’ हा सिग्नल हवा असतो, बऱ्याच जुन्या उपकरणांना ‘रेडी’. ते गोटेकच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. दुसरं म्हणजे, एचपीचे सुरुवातीचे साडेतीन इंची ड्राइव्ह सोनीचे होते आणि ते मिनिटाला ३०० ऐवजी ६०० फेरे घ्यायचे. त्यांच्या डिस्क साध्या ड्राइव्हवर वाचता येतात, पण त्या जागी गोटेक लावताना वेग सांगावा लागतो.

मागून एक प्रश्न आलाय: १.४४ एमबीची डिस्क, तिच्या कोपऱ्यातल्या जास्तीच्या भोकावर चिकटपट्टी लावून, ७२० केबीची म्हणून वापरली तर? चालते, आज चालते. पण तिचा चुंबकीय थर वेगळ्या जातीचा आहे. डबल डेन्सिटीच्या ड्राइव्हचं लिखाण त्यावर नीट बसेलच असं नाही. प्रत चालते का एवढं बघायला वापरा, कपाटात ठेवायला नको. आणि कोऱ्या डिस्क शोधत फिरण्यात आता राम नाही. सोनीने जपानमधली विक्रीसुद्धा २०११ मध्ये थांबवली. त्यापेक्षा गोटेक घ्या, आणि फाइलच्या नावात उपकरणाचा मॉडेल नंबर व सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. नुसतं ‘डिस्क १’ लिहिलेल्या फाइली माझ्याकडे लोक घेऊन येतात. ती डिस्क कशाची, हे त्यांनाही आठवत नसतं.