नवी लाइन आली, जुनीचं काय?

नमस्कार श्रोतेहो.

मिरग निघाला की बेळगावात दोन चौकशा ठरलेल्या. भाताची उगवण कशी आहे, आणि राकसकोप किती फुटांवर आलं? पूर्ण पातळी 2475 फूट, हा आकडा इथल्या कित्येकांना पाठ असतो. जलाशय भरला की वर्षाचा घोर मिटला, असं आपण धरून चालतो. पण राकसकोपपासून तुमच्या नळापर्यंत त्या पाण्याचं काय होतं, तिकडे फारसं कुणी बघत नाही. आज बोलायचंय ते जमिनीखालच्या जुन्या पाइपांबद्दल.

आपलं शहर पठारावर, जवळपास अडीच हजार फूट उंचीवर. राकसकोपचं पाणी हिंडलग्याला पंपानं उचलून लक्ष्मीटेकला चढवावं लागतं. हिडकलचं काम त्याहून अवघड. काठोकाठ भरलं तरी ते धरण 2175 फुटांवर, म्हणजे पाणी तीनशेएक फूट तरी वर आणायचं. तेव्हा गळतीत जातं ते नुसतं पाणी नसतं, ते चढवायला लागलेली वीजही जाते.

आता गळती म्हणजे किती? मुख्य लाइनला तीन मिलिमीटरचं भोक पडलंय आणि आत दोन किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलो) दाब आहे, असं धरा. त्यातून दिवसाला साधारण साडेसात हजार लिटर पाणी जातं. शहरात माणशी 135 लिटर हे सरकारी माप लावलं, तर पन्नासाहून जास्त माणसांचं पाणी एवढ्याशा भोकातून गेलं. तेही रस्ता ओला न होता, कारण आपल्याकडची तांबडी माती ते गपचूप पिऊन टाकते.

शहापूर, वडगाव, अनगोळकडची काळी माती वेगळाच त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या हालचालीनं पाइपचे सांधे सैल होतात. त्या शिवारात राबलेल्या माणसाला हे सांगायला नको.

जुने बिडाचे पाइप आतून गंजतात, गाठी धरतात. सहा इंची पाइप आतून तीन इंची झाला, तर त्याच दाबाला पाणी निम्मं येत नाही, जेमतेम सहावा हिस्सा येतं. मग लोक नळाला मोटर लावतात. राग येतो, पण त्यांचं तरी काय चुकतं? पाणी येतंच तेवढं. तोटा मात्र सगळ्या गल्लीचा होतो, कारण मोटर ओढू लागली की पाइपात पोकळी होते, आणि सैल सांध्यातून बाहेर जे असेल ते आत येतं. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर लाइन रिकामी होते, तेव्हाही तेच. आपल्याकडे घराघरांची अर्धा इंची कनेक्शनं गटारातूनच गेलेली, तेव्हा आत काय येत असेल ते सांगायला नको. पाणी सुटल्यावर पहिली घागर ओतून द्यायची सवय बायकांना उगाच लागलेली नाही. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यात नळापाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. गटाराचं पाणी मिसळलं की ते वाटेतच संपतं.

1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर अजून आहे. विहिरीतला गाळ वाकून बघितला की दिसतो. पाइपचं तसं नाही, म्हणून त्याच्यासाठी पैसे मागणंही जड जातं. नव्या योजनेचा नारळ फुटतो, जुना पाइप बदलायला कोण नारळ फोडणार?

बदलल्यावर काय होतं ते आपल्याच शहरानं पाहिलंय. 2008 मध्ये बेळगावच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथं जुन्या जाळ्याला ठिगळं न लावता ते सगळंच बदललं, घराघरांची कनेक्शनं नवी दिली, मीटर बसवले. पाइपात दाब सतत राहिला की बाहेरचं आत शिरत नाही. गुण मुख्यतः त्याचा आहे.

मंडळी, खरी गोम पुढे आहे. नवी लाइन पडते, रस्ता बुजवला जातो, आणि खाली जुनी लाइन तशीच जिवंत राहते. चार घरं अजून तिच्यावर असतात. कुणी म्हणतं, नवीचा भरवसा काय, जुनीपण असू दे. त्या चार घरांसाठी जुन्यात पाणी सोडावंच लागतं. ती गळत राहते आणि नवीतला दाब पडतो. मग आठ दिवसांत गल्लीभर बोभाटा, की नवी लाइन काही कामाची नाही.

म्हणून तुमच्या गल्लीत खोदाई सुरू झाली, की पंचांनी इंजिनिअरला गाठून विचारावं: जुनी लाइन कुठल्या तारखेला तोडणार? तिच्यावरचं एकेक कनेक्शन नवीवर घेतलं का? तोंडाला टोपी ठोकणार, की नुसता व्हॉल्व्ह फिरवून जाणार? जुना व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, हे व्हॉल्व्हमनला चांगलं ठाऊक असतं, त्यालाही विचारा. रस्ता बुजवण्याआधी दाब देऊन चाचणी घेतात, तेव्हा तिथं उभे राहा. आणि लाइन कुठून, किती खोल गेली याचा नकाशा पंचांकडे मागून ठेवा, कानडीत असला तरी चालेल. पुढच्या वेळी केबलवाला खोदायला आला, की तोच त्याच्यापुढे धरायचा.