दोन वर्षांची खाज आणि बांधावरचं गवत

नमस्कार. अंगावर खाजरं पुरळ उठत असेल, तर आधी एक करा. कानामागे बोट फिरवा, मग हनुवटीखाली, मग वरच्या पापणीवर. पुरळ तिथेही आहे का? ते लक्षात ठेवा.

माझ्या बाबांना दोन वर्षं खाज होती. चेहरा, मान, कोपराची आतली घडी. पापण्या इतक्या जाड झालेल्या की सकाळी डोळे अर्धेच उघडायचे. सगळे म्हणाले, पित्त उठलंय. वांगं बंद, तूरडाळ बंद. मग कुणी म्हणालं, ऊन बाधतंय. बाबा तोंडाला उपरणं गुंडाळून शेतात जायला लागले, तरी काही फरक नाही. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं, थांबवली की दुप्पट. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चेहऱ्यावर मनाने लावत राहिलं तर कातडी पातळ होते. कृपा करून हे करू नका.

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाबांना खिडकीशी बसवलं आणि कान पुढे दुमडून मागे बघितलं. उन्हाने उठलेलं पुरळ सहसा सावलीतल्या जागा सोडतं. हवेतून उडून येणारी वस्तू मात्र कानामागे, पापणीवर, घडीतही पोचते. मग विचारलं, "परगावी गेलात की कमी होतं का?" आई लगेच म्हणाली, "मुंबईला ताईकडे पंधरा दिवस होते ना, तेव्हा पापण्या उतरल्या होत्या." आम्हाला हे माहीत होतं. दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं!

कारण निघालं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. १९५०च्या दशकात पुण्यात ते नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी होते. वाळलेल्या गवताचा भुगाही पुरतो. बाबा म्हणाले, "जन्मभर उपटतोय, कधी काही झालं नाही." पण ही ॲलर्जी अशीच असते, वर्षानुवर्षं संपर्क आल्यावर एक दिवस शरीर उलटतं.

खात्री झाली ती पॅच टेस्टने. पाठीवर संशयाच्या वस्तू लावलेल्या छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तास ठेवतात, पाठ भिजवायची नाही. काढल्यावर बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. बाबांच्या पाठीवर गाजर गवताचा एकच गोल लालभडक, त्यावर मोहरीएवढे फोड. ॲलर्जीसाठी नेहमी करतात ती रक्तातली आयजीई तपासणी या प्रकारची ॲलर्जी पकडत नाही, त्यामुळे ती नॉर्मल आली म्हणून शोध थांबवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टआधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आता आमच्याकडे गवत फुलायच्या आत उपटतात, पण बाबा त्या दिवशी शेतात जात नाहीत. त्यांचे कपडे घरात वाळतात. शेवंती याच कुळातली, काहींना तीही बाधते, म्हणून देवाच्या हाराला आई आता जास्वंद घेते.

आणि हो, डॉक्टरांकडे जाताना संशयाचं झाड पिशवीत भरून नेऊ नका, फोटो न्या. पुरळाचाही फोटो काढा, सगळ्यात वाईट दिवशीचा, तारखेसकट. दवाखान्यात नंबर लागतो त्या दिवशी नेमकं ते बसलेलं असतं.