सहा मीटरची गल्ली आणि पुनर्विकासाचा पैसा

नमस्कार श्रोतेहो. मुंबईच्या उपनगरातल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत शिरा, नाक्यावर एक फलक दिसतोच: 'साहेबांच्या अथक प्रयत्नांमुळे पुनर्विकासाचा मार्ग मोकळा.' खाली हात जोडलेले सहा-सात चेहरे. वाचणाऱ्याला वाटतं, वरून निधी मंजूर झाला. पण खासगी सोसायटीची इमारत अशा निधीतून उभी राहत नाही. नगरसेवक निधीतून गटार दुरुस्त होतं, पेव्हर ब्लॉक बसतात, फार तर बाकडी येतात. इमारतीचा खर्च निघतो विक्रीच्या सदनिकांतून. विक्रीला किती क्षेत्र उरेल, हे एफएसआय ठरवतो, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. आणि उपनगरात हा एफएसआय तुमच्या फाटकासमोरच्या रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे.

मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला नियम ३० घ्या. मूळ एफएसआय १. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गाडी तिथेच थांबते. ९ ते १२ मीटरच्या आतल्या रस्त्यावर अर्धा एफएसआय प्रीमियम, म्हणजे सरकारी शुल्क, भरून मिळतो, अर्धा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन चढवता येतो, एकूण २. रस्ता १२ मीटरचा झाला की २.२, १८ पासून २.४, आणि २७ मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर २.५. यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारं जादा बांधकाम क्षेत्र, वेगळं. जुन्या सभासदांच्या वाट्याचं फंजिबल फुकट, विक्रीच्या भागावरचं प्रीमियम भरून.

आता पाटीवर हिशेब मांडू. भूखंड १००० चौरस मीटर, २० घरं, प्रत्येकी ५० चौरस मीटर बांधीव. म्हणजे १००० चौरस मीटरची जुनी इमारत. सभासदांना ३५ टक्के वाढवून द्यायचं तर त्यांनाच १३५० लागले. नियम ३३(७)(ब) नुसार जुन्या सोसायटीला प्रोत्साहन म्हणून बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा घरामागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते मिळतं. इथे २००. समोरची गल्ली ६ मीटरची असेल तर मूळ १००० आणि हे २०० मिळून १२००, त्यावर फंजिबल धरून १६२० चौरस मीटर. सभासदांचे वजा केले की विक्रीला उरले २७०. एवढ्यावर कुठला विकासक येणार? तीच गल्ली कागदावर ९ मीटरची झाली की एफएसआय २, फंजिबलसह २७००, आणि विक्रीला १३५०. पाचपट. ९ मीटरच्या हिशेबात प्रोत्साहनाचा २०० चा तुकडा या २ एफएसआयच्या आतच मोजला जातो, वेगळा चढत नाही. काही प्रस्तावांत तो दोनदा धरलेला सापडतो, तेव्हा बेरीज स्वतः करून बघा.

म्हणून गल्लीतली खरी लढाई असते रस्तारेषेची, म्हणजे पालिका रस्त्याची हद्द म्हणून आखते त्या रेषेची. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम २९७. ६ मीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर धरून ९ मीटरची रेषा आखायची, हा त्यातला नेहमीचा प्रस्ताव. फलकावरच्या 'मार्ग मोकळा'चा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की अशी रेषा मागितली आहे. मंजूर झाली, असं नव्हे. फलक लावणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ठरावाचा क्रमांक काय?

या दीड मीटरमध्ये कोणाचं काय जातं, तेही पाहा. २५ मीटर दर्शनी बाजू असलेल्या सोसायटीची साडेसदतीस चौरस मीटर जागा जाते. तिचा मोबदला टीडीआर किंवा एफएसआयच्या रूपात मिळतो, म्हणून सोसायटी तयार असते. पण समोरच्या बैठ्या चाळीतल्या गाळेवाल्याचा अख्खा ओटा आणि पायऱ्या त्या रेषेत येतात, आणि त्याला पुनर्विकास नकोच असतो. तो आपल्या ओळखीच्या कार्यकर्त्याकडे जातो. एकाच गल्लीत दोन पक्षांचे दोन फलक लागतात ते असे.

रेषा मंजूर झाली म्हणजे रस्ता रुंद झाला, असंही नाही. बांधकाम पाडून नवं बांधताना कलम २९८ खाली ते रेषेच्या मागे घ्यावं लागतं. रेषेतली मोकळी जागा कलम २९९ खाली पालिका ताब्यात घेऊ शकते. घेतेच असं नाही. मग गल्लीचे करवतीचे दात होतात: एक इमारत मागे सरकलेली, शेजारची पुढे, मधे विजेचा खांब जागच्या जागी. राहणारी माणसं दुप्पट, मलनिःसारण वाहिनी मात्र जुन्याच मापाची. रस्तारेषेला पाठिंबा देणाऱ्या सोसायट्यांनी वाहिनीचा आणि खांबांचा प्रश्न त्याच अर्जात लिहिला पाहिजे. इमारत झाल्यावर कोणी ऐकत नाही.

पैशाचा क्रमही समजून घ्या. प्रीमियम रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, जमीनदरावर आकारला जातो आणि परवानगीच्या टप्प्यावर भरावा लागतो; सदनिका विकून पैसा हाती येतो त्यानंतर. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने वर्षअखेरपर्यंत प्रीमियमात ५० टक्के सवलत दिली, तेव्हा परवानग्यांसाठी झुंबड उडाली ती याचमुळे. स्वयंपुनर्विकासाला, म्हणजे विकासक न नेमता सोसायटीनेच इमारत बांधायला, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्ज देते, सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात सवलतीही आहेत. पण ते कर्ज फिटणार विक्रीच्या क्षेत्रातूनच. २७० चौरस मीटरवर ते कसं फिटणार?

तेव्हा कार्यकारिणीने विकासकाच्या सादरीकरणाला बसण्याआधी तीन कागद मिळवावेत: मालमत्ता पत्रक, सीटीएस म्हणजे नगर भूमापन क्रमांकावरून काढलेले विकास आराखड्याचे अभिप्राय, आणि रस्त्याच्या रुंदीबद्दल पालिकेचा लेखी शेरा. टेपने मोजलेली रुंदी धरून चालू नका, कुंपणं पुढेमागे असतात. हे कागद घेऊन वास्तुविशारदाकडून व्यवहार्यता अहवाल करून घ्या. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार विकासक निवडीच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. सभेचं चित्रीकरण होतं, म्हणून शांतपणे बोला!

राहिली रस्तारेषेची हरकत. मार्च २०२२ पासून पालिकेचं निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासकच निर्णय घेत होते. आता २२७ नगरसेवकांचं सभागृह परत आलं आहे, त्यामुळे हा विषय पुन्हा सभेपुढे जातो. सभेच्या किमान महिनाभर आधी वर्तमानपत्रात आणि राजपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, आणि खास सूचना त्या रस्त्यावरच लावावी लागते. ती खांबावर किंवा भिंतीवर दिसली की लगेच फोटो काढा, तारखेसकट. पुढच्या आठवड्यात तिच्यावर शिकवणीची जाहिरात चिकटलेली असते. हरकत असो वा पाठिंबा, लेखी द्या, सीटीएस क्रमांक घालून, आणि पालिकेच्या चिटणीस कार्यालयात पोहोच घ्या. मुदत सभेआधी तीन पूर्ण दिवस. सभा शुक्रवारी असेल तर मंगळवारी धावत जाऊन उपयोग नाही. सोमवारी संध्याकाळी कार्यालय बंद होण्याआधी शिक्का पडलेला हवा.