पाहुण्या लेखकाला काय विचारायचं?

(ओहायोतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात झालेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

वाचनावर बोलायला मला उभं केलंय ते मी फार वाचतो म्हणून नव्हे. आमच्या बेसमेंटला वेगळी बाथरूम आहे, म्हणून. भारतातून कोणी लेखक-कवी आले की मंडळ त्यांना आमच्याकडे उतरवतं. त्यामुळे मला लेखक भेटतात ते पहाटे तीनला जाग येऊन, चहासाखर शोधत स्वयंपाकघरातले खण उघडताना. त्या अनुभवाच्या जोरावर जरा स्पष्टच बोलतो.

लेखक भेटला की त्याचं पुस्तक जास्त आवडायला लागतं, हे काही खरं नाही. कॉलेजात असताना ज्यांच्या कविता मी वहीत उतरवून घेतल्या होत्या, असे एक कवी आमच्याकडे जेवायला बसले आणि कोणाला कुठला पुरस्कार कसा मिळाला, यापलीकडे गेलेच नाहीत. बायकोने मध्ये मध्ये वरण वाढून बघितलं, तरी विषय बदलेना. कविता अजूनही चांगल्याच आहेत, पण आता वाचताना ते वरण आठवतं. उलट, एका लेखिकेची कादंबरी मी निम्म्यावर सोडली होती. बाई आल्या, इतक्या मोकळ्या, इतक्या हजरजबाबी, की त्या निघाल्या तेव्हा मुलं रडवेली झाली. कादंबरी मात्र अजून निम्म्यावरच आहे.

आता आपले प्रश्न. तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते? लिहायला सुरुवात कधी केली? परदेशातल्या मराठी माणसाला काय संदेश द्याल? आलेल्या प्रत्येकाला आपण हेच विचारतो, कारण एक पानही न वाचता विचारता येतात ते हेच प्रश्न. पाहुणाही मग पाठ झालेली उत्तरं देतो. पुढे शाल, श्रीफळ, फोटो. नेमाड्यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असा लेख लिहिला होता. त्या कामात आपल्यासारख्या मंडळांचाही थोडा हातभार असावा. प्रतिभा रानडे यांचं ‘ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी’ काढून बघा. दुर्गा भागवत थोरच, पण समोर बसलेलीने वाचून ठेवलंय म्हणून त्या गप्पा तशा रंगतात.

मला स्वतःला जी खरी गप्पा म्हणावी अशी मिळाली, ती गाडीत. पाहुण्यांचं नाव सांगत नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी याच हॉलमध्ये संदेश वगैरे रीतसर दिला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कोलंबसहून क्लीव्हलँडला सोडायला निघालो. ७१ नंबरच्या हायवेला दोन्ही बाजूंना मका नि सोयाबीन. बराच वेळ खिडकीबाहेर बघून ते म्हणाले, “अहो, ते रान कुठे गेलं?”

“कुठलं रान?”

“जी. एं.चं.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाने १९४०, १९४६ आणि १९५० साली तीन कादंबऱ्या लिहिल्या. पेनसिल्व्हेनियातून निघालेलं एक शिकारी कुटुंब ओहायोच्या दाट जंगलात येतं, तिथून गोष्ट सुरू होते. आई मरते, थोरली मुलगी भावंडांना वाढवते. झाडं ही तिची वैरी, कारण ती पाडल्याशिवाय ना ऊन ना पीक. पुढे शेतं होतात, मग शहर उभं राहतं, आणि म्हातारपणी तीच बाई दारात झाडं लावते. शेवटच्या कादंबरीला १९५१ चं पुलित्झर मिळालं. या तिन्ही कादंबऱ्या धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणल्या : ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. पाहुण्यांनी त्या शाळेत असताना तालुक्याच्या वाचनालयातून नेऊन वाचलेल्या. ओहायो खरोखर कुठे असेल असं तेव्हा त्यांच्या मनातही नव्हतं. आणि मी त्याच मातीवर घराचे हप्ते फेडतोय, मला पत्ताच नाही!

तिथून क्लीव्हलँडपर्यंत आम्ही भांडलो. त्यांचं म्हणणं, जी. एं.च्या कथांतली माणसं नियतीशी झगडतात, इथे झाडांशी झगडतात, म्हणून त्यांना हे पुस्तक जवळचं वाटलं असणार. मी तोवर तिन्हीतली एकही वाचली नव्हती, पण जी. ए. वाचले होते. मी म्हटलं, तुम्ही सांगता ती बाई तर जिंकते, जी. एं.कडे असं जिंकतं कोण? यावर ते चिडले, मग हसले. स्वतःच्या पुस्तकाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांची पुस्तकं मी मन लावून वाचली ती त्यानंतरच.

जी. ए. स्वतः भेटायला अवघड. सभा-सत्कार टाळायचे. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही त्यांनी परत केला. पण त्यांची पत्रं वाचा. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा वेगळा खंड आहे, आणि सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी. ए.’मध्ये आहेत. वाचलेल्या पुस्तकांबद्दल हा माणूस किती भरभरून लिहितो! मला वाटतं, त्यांना बोलण्याचा कंटाळा नव्हता, स्वतः विषय होण्याचा होता. आपण इतक्या लांब राहतो, तर आपल्याला हा पत्राचा रस्ता सोयीचा नाही का? आवडलेल्या, किंवा न आवडलेल्या पुस्तकाबद्दल लेखकाला चार ओळींची ईमेल पाठवलेली माणसं या हॉलमध्ये किती असतील? हात वर करायला सांगत नाही.

तर समितीपुढे माझा प्रस्ताव असा. पुढच्या पाहुण्यांचं एकच पुस्तक निवडायचं आणि कार्यक्रमाच्या दोन महिने आधी घरोघरी पोचवायचं. कार्यक्रमात पहिला तासभर आपण बोलायचं, पाहुण्यांनी ऐकायचं. परिचय वाचून दाखवायचा नाही. संदेश मागेल त्याने चहाची भांडी घासायची.

पुस्तकं आणायची कशी, हा प्रश्न उरतो. उन्हाळ्यात भारतातून कोणाचे आईवडील, सासूसासरे येतायत त्यांची नावं मागच्या टेबलावरच्या वहीत लिहा. बॅगेला तेवीस किलोच मिळतात, हे मला माहीत आहे. माणशी पाच प्रती पुरेत, आणि त्या कृपा करून लोणच्याच्या बरणीपासून लांब ठेवायला सांगा.