माइक नसतानाचं नाट्यगृह : कोल्हापूरचं पॅलेस थिएटर

[दृश्य : खासबाग मैदान, आखाड्याची लाल माती. कॅमेरा हळूहळू शेजारच्या दगडी भिंतीकडे वळतो.]

खासबागेचं कुस्ती मैदान आणि त्याला लागून असलेलं हे नाट्यगृह ही दोन्ही राजर्षी शाहू महाराजांची देणगी. 1902 साली महाराज युरोपला गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं. त्याच धर्तीवर 1912 पर्यंत खासबाग मैदान तयार झालं. 1913 मध्ये शेजारी नाट्यगृहाचं काम सुरू झालं, ते 1915 मध्ये पुरं झालं. नाव पडलं ‘पॅलेस थिएटर’. पैलवान आणि नट एकाच आवारात सांभाळणारा राजाश्रय विरळाच!

[दृश्य : रंगमंचाची जुनी छायाचित्रं]

तो काळ संगीत नाटकांचा, आणि माइक नव्हता. नटाची तान शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची ती वास्तूनेच. दगडी भिंत आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवते. लाकूड, कापड आणि माणसं तो पितात. या दोहोंचा तोल साधला की आवाज पोचतो. गणित सोपं आहे : सभागृहाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला 0.161 ने गुणा आणि एकूण शोषणाने (भिंती, कापड, माणसं मिळून किती आवाज पितात त्याचं माप, चौरस मीटरमध्ये) भागा. आवाज किती सेकंद रेंगाळतो ते कळतं. समजा, घनफळ 4000 आणि शोषण 500 आहे. उत्तर येतं साधारण 1.3 सेकंद. गाणं भरीव वाटतं, संवादही कळतो. आता त्याच सभागृहात खोटं छत टाकून घनफळ 3000 वर आणा, खाली गालिचा अंथरून शोषण 700 करा. उत्तर 0.7 सेकंदांच्या खाली जातं. भाषणाला ते चालेल. विनामाइक पद मात्र तिथे कोरडं पडतं. जुन्या नाट्यगृहांचं ‘आधुनिकीकरण’ बहुतेकदा इथेच फसतं.

[दृश्य : रंगवलेला पडदा, दोर, विंगा]

पडद्यांचंही कोल्हापूरला मोठं वैभव. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. पण रंगमंचावर कोरडं कापड, लाकूड आणि दोर एकाच जागी उभे असतात. आग लागली की उंच पोकळीतून गरम हवा वर खेचली जाते आणि छत आधी पेटतं.

[दृश्य : केशवराव भोसले यांचं छायाचित्र]

केशवराव भोसले याच मातीतले, जन्म 9 ऑगस्ट 1890. ‘ललितकलादर्श’ या नाटक कंपनीचे संस्थापक. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत ‘ललितकलादर्श’ आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी यांनी मिळून केलेल्या ‘संयुक्त मानापमान’ या प्रयोगामध्ये ते धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. 1957 मध्ये या नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं गेलं.

[दृश्य : जळालेलं सभागृह, उघडं आकाश]

8 ऑगस्ट 2024 ची रात्र. या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, खुर्च्या, छत जळालं. दगडी भिंती उभ्या राहिल्या.

उभी भिंत म्हणजे शाबूत भिंत नव्हे. तापलेल्या दगडावर बंबाचं पाणी पडलं की पापुद्रे सुटतात. जुन्या बांधकामातला चुना 800 अंशांच्या आसपास तापला की त्याची कळीचुन्यासारखी, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुन्यासारखी, स्थिती होते आणि पाणी लागताच सांधा भुसभुशीत होतो. म्हणून ओळंबा लावून भिंत झुकली का पाहायचं, दगडांवर हातोडीने ठोकून कुठे पोकळ आवाज येतो ते टिपायचं आणि सांध्यांचे नमुने तपासायचे. दुरुस्ती चुन्यानेच करावी. सिमेंटने सांधे बुजवले तर ओल आत कोंडते आणि दगड झिजतो.

आणि एक आग्रह : पुनर्बांधणीत नवं छत बसल्यावर, अंतर्गत सजावट कायम करण्याआधी, माइक बंद ठेवून चाचणी घ्यावी. एक गायक, एक ऑर्गन, एक तबला. आधी रिकाम्या सभागृहात, मग भरलेल्या. शेवटच्या रांगेत पदाचा शब्द कळला नाही, तर खुर्च्यांचं कापड आणि छताचं अस्तर तेव्हाच बदलता येतं.